गाडीत कोण कुठे बसलं होतं

अपघातात मला खरचटलंही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे कितीतरी महिने हेच वाक्य माझ्या आड येत होतं. घरचे म्हणायचे, शाळेतले म्हणायचे आणि मीही म्हणायचे, "मला कुठं काय झालंय?" ज्यांचे सगळे रिपोर्ट चांगले आले आहेत, हाडं शाबूत आहेत आणि तरीही ज्यांना आपण आता पूर्वीसारखे नाही हे कळतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं लिहिणार नाही. ती डॉक्टरांनी लिहायची.

माझं वय एक्कावन्न. गेवराईत एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आमच्या विहारातल्या महिला मंडळाची सचिव म्हणून बारा वर्षं काम केलं. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे. सतरंज्या कोण आणणार, डबे कोण, पाण्याचा जार कुठून, सगळं लिहिलेलं. बाहेरगावी जायचं असलं की गाडीत कोण कुठे बसणार याचीही यादी करायचे. खिडकी आणि पुढची सीट यांवरून रुसवेफुगवे होतात आणि निघायला तासभर उशीर होतो, म्हणून. "शीलाताईंची यादी आली का?" अशी माझी चेष्टा व्हायची. मला ती चालायची.

त्या सकाळी

परळीकडे धम्म परिषद होती. भाड्याच्या जीपमध्ये आम्ही नऊ जणी आणि ड्रायव्हर. सगळ्यांनी पांढऱ्या साड्या नेसलेल्या. कमल तलवाड्याहून पहिल्या एसटीने आली होती. ती तिथे अंगणवाडी सेविका. नवरा गेल्यापासून आईजवळ राहायची. शाळेच्या वयात वसतिगृहात आम्ही चार वर्षं एका ट्रंकेत दोघींचं सामान ठेवलेलं, इतकी जुनी मैत्रीण.

माजलगावच्या अलीकडे शेतातल्या कच्च्या रस्त्यावरून वाळूचा टिपर डांबरीवर आला आणि आमच्या डाव्या बाजूला धडकला. कमल डाव्या खिडकीत होती. ती जागच्या जागी गेली. दोघींची हाडं मोडली, बाकीच्यांना टाके पडले. मी त्याच रांगेत उजव्या टोकाला होते. माझी साडी पांढरीच राहिली.

मी काय केलं, तर पर्समधून यादी काढली आणि हजेरी घेतली. रस्त्याच्या कडेला बसवलेल्या बायकांची एकेक करून नावं घेतली, आवाज आला की पेनाने खूण केली. कमलच्या नावापुढेही खूण केली. का केली ते आजही सांगता येत नाही. मग त्याच यादीवरून क्रमाने सगळ्यांच्या घरी फोन केले. पंचनाम्याला आलेला हवालदार म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळं काम सोपं झालं."

पाचव्या दिवशी तलवाड्याला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आमच्यात माणूस गेल्यावर त्रिशरण-पंचशील होतं आणि मग एकेक जण उठून गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलतो. सूत्रसंचालन मी केलं. चौदा वक्ते, प्रत्येकाला तीन मिनिटं. मी स्वतः कमलविषयी एक शब्द बोलले नाही, कारण माईक हातात असणाऱ्याला ती सोय असते. कार्यक्रम वेळेत संपला. लोक म्हणाले, शीलाताई खंबीर आहेत. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. हेही लिहायला हवं.

माणसं पांगल्यावर कमलची आई, सोजरमावशी, माझा हात धरून म्हणाली, "तू हुतीस जवळ. शेवटी काय बोलली गं माझी कमल?"

मी म्हणाले, "गाणं म्हणत होती, मावशी. आनंदात होती."

"कोनतं?"

"आपलं नेहमीचं. बुद्धाचं."

मावशीने डोळे मिटून मान हलवली. ते खोटं होतं. कमल गाणं म्हणत नव्हती. खरं काय झालं होतं ते मी पुढे कितीतरी महिने कुणालाही सांगितलं नाही. मावशी मात्र दर रविवारी फोन करायची आणि म्हणायची, "परत एकदा सांग ना ते." मी परत सांगायचे. सांगता सांगता त्या गाण्याला कडवीही जोडली.

हजेरी

तीन महिने काही झालं नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. झोप तुटायची, जेवण उतरत नव्हतं, रस्त्याने टिपर गेला की कानशिलं गरम व्हायची. ओल्या वाळूचा वास सोसायचा नाही आणि गेवराईत ओली वाळू कुठे नसते? मी रस्ते बदलले. मंडळाचं सचिवपद सोडलं. कारण दिलं, शाळेत काम वाढलंय.

मग एका सोमवारी नववीच्या वर्गात हजेरी घेत होते. नाव घ्यायचं, "हजर" म्हणून आवाज यायचा, खूण करायची. बाराव्या की तेराव्या नावाला माझं पेन थांबलं. पुढचं नाव दिसत होतं, पण तोंडातून निघेना. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. मुलं आधी गप्प बसली, मग एकमेकांकडे बघायला लागली. एक मुलगी उठून मुख्याध्यापकांना बोलवायला गेली. सर आले तेव्हा मी टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी होते आणि बोटं सुटत नव्हती.

हृदयाची तपासणी झाली. ईसीजीची पट्टी निघाली, ती चांगली आली. गेवराईतले डॉक्टर म्हणाले, "गॅस आहे. टेन्शन घेऊ नका." दुसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा बीडला एका फिजिशियनकडे गेले. त्यांनी तपासलं, स्टेथोस्कोप खाली ठेवला आणि विचारलं, "एवढ्यात घरात कुणी गेलंय का?"

मी म्हणाले, "घरात नाही."

त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. बाहेर आल्यावर वाचली. मानसोपचाराचा विभाग. मी ती चिठ्ठी चार घड्या करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि तीन आठवडे काढली नाही.

दातांचा डॉक्टर

आमचे हे, विलासराव, परळीच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरीला आहेत. पाळ्या सांभाळून आठवड्यातून दोन दिवस घरी येतात. त्यांना मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"तुला हे कावून पाहिजे? तुला तर काही लागलं पन न्हाई."

"म्हणूनच तिथं पाठवलंय."

"ज्यांची लेक गेली ते लोक कामाला लागलेत, शीला. आन तू..." पुढचं ते बोलले नाहीत. पण वाक्य मला ऐकू आलं.

शेजारच्या बाईंनी सुचवलं, कुणीतरी बघून उतरवून टाका. आमच्या घरात तसलं चालत नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. उतारे नाहीत, अंगारे नाहीत, गंडेदोरे नाहीत. पण त्या अभिमानाबरोबर आणखी एक गोष्ट नकळत घरात आलेली होती. शिकलेल्या माणसाचं डोकं बिघडत नाही, त्याने पुस्तक वाचावं, ध्यान करावं आणि उठून कामाला लागावं, अशी काहीतरी समजूत. मी विहारात जाऊन डोळे मिटून बसले होते. डोळे मिटले की टिपर यायचा.

शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं की जायचं, पण सांगायचं नाही. सगळ्यांना सांगितलं, दर मंगळवारी बीडला दातांच्या डॉक्टरकडे जाते. चार महिने हे चाललं. एके दिवशी शेजारच्या बाई पाणी भरताना म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण अजून किती दात राहिलेत तुमचे?" मला हसू आलं. अपघातानंतर पहिल्यांदा. हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. त्या बाईंनी कळशी खाली ठेवली आणि न विचारता माझ्याजवळ बसून राहिल्या. नंतर त्यांनी दातांचा विषय काढला नाही.

मंगळवार

दवाखान्याचा क्रम असा. साडेदहाला नाव नोंदवायचं, क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, बाकावर बसायचं. पहिल्या दिवशी मी पदर कपाळापर्यंत ओढून, भिंतीकडे तोंड करून बसले होते, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. तिसऱ्या मंगळवारी आमच्याच शाळेतले निवृत्त शिपाई समोर बसलेले दिसले. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. त्यांनी पिशवीतून एक पेरू काढून मला दिला आणि दुसरीकडे बघायला लागले. त्यांना कशाचा त्रास होता ते मी कधी विचारलं नाही. नंतरही कधी भेटले तर अर्धा पेरू, नाहीतर चार शेंगा. एवढंच.

मोठ्या डॉक्टरांनी झोपेसाठी काही महिने गोळ्या दिल्या आणि मला आतल्या खोलीत समुपदेशकाकडे पाठवलं. त्यांचं नाव नसरीन मॅडम. पस्तिशीच्या असतील. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. खिडकीखाली पंक्चरचं दुकान. मॅडमचे वडीलही बीडमध्ये गॅरेज चालवायचे. त्या एकदा म्हणाल्या, "अपघाताच्या गाड्या आमच्या दारात यायच्या. अब्बा पत्रा ठोकून सरळ करायचे. आतल्या माणसांचं काय झालं हे विचारलं तर म्हणायचे, ते आपलं काम नाही बेटा."

पहिल्या दिवशी मी त्रासांची यादी करून नेली होती. सतरा मुद्दे, सुवाच्य अक्षरात. त्यांनी ती नीट वाचली.

"फार छान केलीय. ही राहू द्या माझ्याकडं. आता हिच्याशिवाय सांगा."

"काय सांगू?"

"त्या दिवशीचं. उठल्यापासून."

"सांगितलं ना. टिपर आला, धडक बसली, एक मयत, दोन गंभीर."

"हे तर पोलिसांच्या कागदात पण असेल. तुम्ही कुठं होतात?"

मी परत तेच सांगितलं, फक्त वेगळ्या क्रमाने. पंचेचाळीस मिनिटं संपली. मला वाटलं, वेळ वाया गेला. एसटी स्टँडवर उभी राहून ठरवलं की पुढच्या मंगळवारी यायचं नाही. आले, कारण वहीत तारीख लिहून ठेवली होती आणि वहीत लिहिलेलं मी मोडत नाही.

सांगणं

लोकांना वाटतं, तिथे आपल्याला सल्ला देतात. मला एकही सल्ला मिळाला नाही. मिळालं ते काम, आणि ते जड होतं.

पाय जमिनीवर टेकवून, डोळे उघडे ठेवून, त्या सकाळचं सगळं आत्ता घडतंय असं सांगायचं. "जीप गढीच्या पुढे आली आहे. ऊन डाव्या काचेतून येतंय." असं. मधे मॅडम विचारायच्या, भीती दहापैकी किती? मी आकडा सांगायचे. सगळं बोलणं माझ्याच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचं आणि घरी रोज एकदा ऐकायचं. शाळेतून आल्यावर साडेपाचची वेळ मी ठरवली. पहिल्या आठवड्यात ऐकताना दोनदा उलटी झाली. एकदा ह्यांनी दाराबाहेर उभं राहून ऐकलं. आत आले, खुर्ची ओढली आणि शेवटपर्यंत बसून राहिले. त्या दिवसानंतर "तुला काही लागलं न्हाई" हे वाक्य आमच्या घरात परत आलं नाही. पुढच्या मंगळवारी ते रजा टाकून माझ्याबरोबर बीडला आले आणि बाकावर पेपर उघडून बसले. बुटांवर परळीची राख तशीच होती.

आकडा नऊवरून सातवर आला, सातवरून पाचवर. आणि पाचवर थांबला. सहा आठवडे हलेना. मी गृहपाठ चुकवत नव्हते. वहीत रोजचा आकडा लिहीत होते. मला राग यायला लागला.

मॅडम म्हणाल्या, "शीलाताई, तुम्ही आता पाठ केलंय. रोज तेच शब्द, तेवढीच मिनिटं. मी मागच्या चार मंगळवारांचं ऐकलं. प्रत्येक वेळी तुम्ही जीप सुटल्यापासून सुरू करता."

"मग?"

"त्याच्या आधी गाडीत बसलात असाल ना सगळ्या? बसताना काय झालं?"

मी उठले. काम आहे म्हणाले आणि निघून आले. दोन मंगळवार गेले नाही. त्या पंधरा दिवसांत सगळं परत आलं, छातीतलं, हातातलं, सगळं. रस्त्याच्या कडेने चालताना मागून टिपरचा हॉर्न आला आणि मी एका किराणा दुकानाच्या काउंटरखाली जाऊन बसले. दुकानदाराने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि गिऱ्हाइकांना थोडं थांबायला सांगितलं. माझी विद्यार्थिनी तिथे साखर घ्यायला आलेली होती. तिने ते बघितलं.

तिसऱ्या मंगळवारी गेले आणि सांगितलं.

कमलला गाडी लागायची. तिने जीपपाशी येऊन म्हटलं होतं, "शीले, मी पुढं बसते गं. मागं मला मळमळतं." पुढची जागा मी यादीत गुडघे दुखणाऱ्या एका वयस्कर बाईंना दिली होती. कमलला उलटीसाठी खिडकी दिली होती, माझ्या हिशेबाने तेवढं पुरे होतं. ती परत म्हणाली. आधीच वीस मिनिटं उशीर झालेला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दर वेळी तुझंच असतं. यादीत जसं आहे तशी बस."

ती म्हणाली, "बसते बाई. तू म्हणशील तसं."

आणि बसली. काचेकडे तोंड करून. पुढची चाळीस मिनिटं ती माझ्याशी बोलली नाही, मीही बोलले नाही. माजलगाव आलं की चहाला उतरू, तिथे बघू, असं मनात होतं. बाकीच्या बायकांनी हे ऐकलं होतं, पण जागेवरून असं बोलणं नेहमीचं, कुणाच्या ते लक्षातही राहिलं नसेल.

मी मॅडमना विचारलं, "माझ्यामुळं गेली ना ती?"

त्यांनी लगेच "नाही" म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. लगेच म्हटलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

"टिपर तुम्ही चालवत नव्हता," त्या म्हणाल्या. "ती जागा दिली तेव्हा टिपर येणार हे तुम्हाला माहीत नव्हतं. पण तुम्ही तिला टोचून बोललात, हे खरंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही त्या एकात बांधून ठेवल्यात. दुसऱ्या गोष्टीचं वाईट वाटणं हा आजार नाही. ते वाटणारच."

त्या दिवशी मी कमलसाठी रडले. दहा महिन्यांनी. रडताना लक्षात आलं की आतापर्यंत मी फक्त घाबरलेली होते.

पायऱ्या

यानंतर आकडा हलायला लागला. बाकीचं काम पायऱ्यापायऱ्यांनी होतं आणि ते मला जमण्यासारखं होतं. आधी दहा मिनिटं महामार्गाच्या कडेला उभं राहायचं. मग उभ्या जीपमध्ये बसायचं. मग चालत्या जीपमध्ये, उजवीकडे. मग डावीकडे. ह्यांनी ओळखीच्या माणसाची जीप मागून आणली आणि गढीपर्यंत हळूहळू चालवली. मी डाव्या खिडकीत. त्यांनी रस्ताभर हॉर्न वाजवला नाही. समोरून म्हैस आली तर थांबून राहिले.

मी बरी झाले असं मी म्हणत नाही. वर्गात हजेरी घेते. झोप लागते. वाळूचा वास अजून सोसत नाही, पण मी रस्ता बदलत नाही. ज्यांना हे वाचून जावंसं वाटेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पहिल्या दोन-तीन खेपांवरून ठरवू नका. बरं वाटण्याआधी जास्त वाईट वाटेल, ते गृहीत धरा. घरातलं एक माणूस बरोबर न्या, त्याला बाकावर बसू द्या. आणि तिथेही आपण काय काय गाळतो त्यावर लक्ष ठेवा. मी तर आजारपणही नीटनेटकं मांडून नेलं होतं.

तलवाडा

वर्षाच्या कार्यक्रमाला पंधरा दिवस राहिले तेव्हा मावशीचा फोन आला. "औंदा बी तूच संचालन कर. आन ते गाण्याचं सगळ्यांना सांग. माझं कुणी नीट ऐकत न्हाई. तू माईकवर सांग."

मी नसरीन मॅडमना विचारलं, आता काय करू. त्या म्हणाल्या, "ते मी नाही सांगणार. एवढं बघा, सांगितल्यावर तुमचं किती हलकं होणार आणि त्यांचं किती जड."

ह्यांनाही मी एव्हाना सगळं सांगितलं होतं. ते मात्र स्पष्ट बोलले. "म्हातारीपाशी एवढं एक गाणं हाय. तुझ्या समाधानासाठी ते काढून घेऊ नको."

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. पण माईकवर उभं राहून, कमलच्या फोटोशेजारी, तेच खोटं शंभर माणसांना सांगणं मला शक्य नव्हतं. न सांगता नुसतं आजारी पडून घरी राहणं, तेही करून पाहायचा विचार आला होता. असं टाळणं मी वर्षभर करतच आले होते.

रविवारी एसटीने तलवाड्याला गेले. मावशी ओसरीत हरभरा सोलत बसली होती. तिने चहा टाकायला सांगितलं. चहा आला. मी कप हातात न घेता सगळं सांगितलं. जागेचं, माझ्या बोलण्याचं, तिच्या गप्प बसण्याचं. काही गाळलं नाही, काही जोडलं नाही.

मावशीचे हात थांबले.

"मंग गानं?"

"म्हणत नव्हती, मावशी. मी खोटं सांगितलं."

"कुनीच न्हाई म्हनलं?"

"नाही."

तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "वरीसभर मी ते ऐकत बसले. भाकरी थापताना ऐकते, शेळीला पाला टाकताना ऐकते. तिच्या आवाजात."

मी सुपाबाहेर सांडलेले दाणे वेचून आत टाकले.

"पुढं बसायचं म्हनली व्हय?"

"हो."

"आन तू न्हाई म्हनलीस."

"हो."

"मळमळत आसंल तिला. रस्ताभर."

हे मला सुचलेलं नव्हतं. इतक्या मंगळवारांत, इतक्या वेळा तो रस्ता सांगताना, त्या चाळीस मिनिटांत तिला मळमळत असेल हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी तिच्या रागाचाच विचार केला होता, कारण तो माझ्यावर होता.

मावशी उठली. सूप आत नेलं. दारातूनच म्हणाली, "कार्यक्रमात तू माईक धरू नको."

"बरं."

"ये पन."

चहा तसाच राहिला होता. मी कप उचलून मोरीत विसळला आणि स्टँडकडे निघाले.

वर्षाचा कार्यक्रम

संचालन एका तरुण शिक्षिकेने केलं. नावं चुकली, एका वक्त्याने वीस मिनिटं घेतली. मी बायकांत मांडी घालून बसले होते. जीपमधल्या पाच जणी आल्या होत्या. शेवटी त्या मुलीने विचारलं, आईंना दोन शब्द बोलायचेत का. मावशी उठली. माईक तोंडाशी धरायची सवय नव्हती, तो पोटाशी धरूनच बोलली.

"माझी कमल शेवटाला जागेवरनं भांडत हुती. तिला पुढची सीट पायजे हुती."

कुणीतरी हसलं. माझ्या मागची एक अंगणवाडी सेविका शेजारणीला म्हणाली, "मीटिंगच्या गाडीत बी तसंच करायची." आणखी दोघी-तिघी हसल्या. मग हसणाऱ्यांपैकीच एक रडायला लागली.

मावशी म्हणाली, "तिला मागं बसिवलं, ती बसली."

माईक त्या मुलीच्या हातात देऊन ती खाली बसली. तिने माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. पाच जणींपैकी दोघींनी पाहिलं.

त्यानंतर तिचे रविवारचे फोन बंद झाले. मग मी करायला लागले. वाजून वाजून बंद व्हायचा. उन्हाळा असाच गेला. माझं बरं होणं तिच्या अंगावरून गेलं आहे, हे मला कळतं, आणि ते कुठल्या मंगळवारी सांगून उतरण्यासारखं नाही. नसरीन मॅडम आता महिन्यातून एकदाच बोलावतात. त्यांनाही मी हे असंच सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आकडा विचारला नाही.

मागच्या रविवारी फोन उचलला गेला.

"कोन?"

"मी, मावशी. शीला."

"हं."

शेळी ओरडत होती, ते ऐकू येत होतं.

"पाऊस हाय का तिकडं?"

"नाही मावशी."

"हितं बी न्हाई," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.